पाइनॅपल की रास्पबेरी पाय: बंद पडलं तर लवकर काय उठतं?

वायफायची सुरक्षा तपासण्यासाठी छोटं उपकरण घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो रेंजचा. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. ग्राहकाच्या ऑफिसात हातात तीन तास आहेत आणि उपकरणाने मान टाकली, तर ते परत उभं करायला किती वेळ लागेल? निवड याच प्रश्नावर व्हावी असं मला मनापासून वाटतं.

समोर दोन पर्याय आहेत. एक, हॅक५ या अमेरिकी कंपनीचं वायफाय पाइनॅपल मार्क ७, म्हणजे याच कामासाठी बनवलेलं तयार यंत्र. दुसरा, रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), त्यावर काली लिनक्स ही सुरक्षा तपासणीची ऑपरेटिंग सिस्टिम आणि सोबत यूएसबी वायफाय अडॅप्टर.

पाइनॅपल हे एकसंध यंत्र आहे. रेडिओ, तो चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, यंत्र हाताळायचं वेबपान सगळं एकाच हातचं, त्यामुळे बिघाडाच्या जागा मोजक्या. 'पान उघडत नाही' ही नेहमीची तक्रार. पत्ता १७२.१६.४२.१, पण पुढे १४७१ हा पोर्ट लिहायचा राहिलेला असतो, किंवा लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असतो. लॅपटॉपला १७२.१६.४२ ने सुरू होणारा आयपी मिळालाय का, एवढं पाहिलं की निम्मं निदान होतं. आयपीच मिळत नसेल तर आधी केबल बदला. नुसती चार्जिंगची यूएसबी-सी केबल लावली की दिवा लागतो, डेटा मात्र जात नाही. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअरच बिघडलं असेल तर रीसेटचं बटण दाबून धरून वीज द्यायची, लॅपटॉपला हाताने १७२.१६.४२.४२ हा आयपी द्यायचा आणि रिकव्हरीच्या पानावरून फर्मवेअर पुन्हा चढवायचं. फाइल आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा. ग्राहकाकडे इंटरनेट मिळेलच असं नाही.

आतले रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचेच आहेत, ही त्याची मर्यादा. ऑफिसचं नेटवर्क ५ गिगाहर्ट्झवर असेल तर ते दिसणारच नाही. तो बिघाड नव्हे, वेगळा अडॅप्टर लावावा लागतो. आणि यंत्र खरंच जळालं तर? परत अमेरिकेतून मागवणं, वर कस्टम्स ड्युटी आणि वाट पाहणं.

पायचं उलट आहे. बिघाडाच्या जागा भरपूर, पण प्रत्येक जागा तुम्हाला उघडून पाहता येते. सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाइलच्या चार्जरवर किंवा साध्या पॉवर बँकेवर तो सुरू होतो, स्कॅन जोरात चालू झालं की अडॅप्टर गायब होतो, आणि आपण दोन तास ड्रायव्हर खणत बसतो. मी स्वतः असे तास घालवलेत. आता आधी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी काढून 'अंडर-व्होल्टेज' (वीज कमी पडतेय) असा शब्द शोधतो, मगच बाकीचं.

दुसरी जागा एसडी कार्ड. बंद न करता वायर उपटली की फाइल सिस्टिम खराब होऊ शकते. सगळी सिस्टिम आधीच चढवलेलं दुसरं कार्ड पाकिटात ठेवा. बदलायला दोन मिनिटं लागतात. या बाबतीत पायला तोड नाही. नवं कार्ड किंवा अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याच दिवशी मिळतं.

तिसरी जागा अडॅप्टरची चिप, आणि फसगत इथेच जास्त होते. पायच्या स्वतःच्या वायफायला मॉनिटर मोड, म्हणजे आसपासचे सगळे वायफाय संदेश ऐकण्याची सोय, सरळ मिळत नाही, म्हणून अडॅप्टर हवाच. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन पहिल्या आवृत्तीत अथेरॉसच्या एआर९२७१ चिपवर होता. दुसऱ्या आवृत्तीपासून चिप रिअलटेकची झाली. नाव तेच, त्यामुळे जुना लेख वाचून घेणारा अडकतो. दुकानात खोक्यावरची आवृत्ती बघून घ्या. एआर९२७१ चा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, पण ती चिप फक्त २.४ वर चालते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड हवे असतील तर मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप असलेला घ्या, तिचाही ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. कर्नलबाहेरचा, आपण स्वतः सोर्स कोडवरून कंपाइल केलेला ड्रायव्हर कर्नल अपडेट झाल्यावर रुसतो, आणि तो नेमका कामाच्या दिवशीच रुसतो. मॉनिटर मोड लागूनही मध्येच सुटत असेल तर नेटवर्क मॅनेजर, म्हणजे लिनक्समध्ये नेटवर्कची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, त्याच अडॅप्टरला परत ओढत असतो. तो आधी थांबवा.

एक गोष्ट दोघांनाही लागू. डीऑथ, म्हणजे 'जोडणी तोड' असा खोटा संदेश पाठवूनही डिव्हाइस नेटवर्कपासून तुटत नसेल तर लगेच यंत्रावर खापर फोडू नका. डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीत मॅनेजमेंट फ्रेमना, म्हणजे जोडणी जोडण्या-तोडण्याच्या संदेशांना, संरक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे तसले खोटे फ्रेम डिव्हाइस मानतच नाही. अहवालात ती ग्राहकाची जमेची बाजू म्हणून लिहा.

ईएसपी८२६६ या वायफाय चिपचे स्वस्तातले छोटे बोर्डही मिळतात. शिकायला ठीक, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झ, ग्राहकाच्या कामाला मी नेत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शिकत असाल तर पाय घ्या, कारण त्याचा प्रत्येक बिघाड लिनक्स आणि वायफायचं काहीतरी शिकवून जातो. महिन्याला चार-पाच तपासण्या करत असाल आणि त्याचे पैसे मिळत असतील तर पाइनॅपल, आणि पिशवीत राखीव म्हणून तयार पाय. दोन्ही बाबतीत नेटवर्कच्या मालकाची लेखी परवानगी पिशवीतच हवी. परवानगीशिवाय शिरकाव केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.