उजनीवर कयाक फिशिंगला नेतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

दिवाळीच्या सुमारास भिगवणकडच्या उजनी जलाशयात 'कयाक फिशिंग'ला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या चिंचोळ्या होडीतून मासेमारीला नेतो असं सांगून पुण्यातल्या लोकांकडून पैसे उकळणारी माणसं फिरताहेत. आमचे १९,५०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत एक पोरगा बुडता बुडता वाचला. ही सगळी फसवणूक वाऱ्यावर बेतलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही तिघं होतो. मी, माझा मेहुणा आणि त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा. मेहुणा भीमेच्या काठचा, त्यामुळे गळ टाकायचा नाद लहानपणापासूनचा. चिलापी कुठे मिळते, मरळ कुठे दडून बसते, वाम कशाला भुलते हे त्याला तोंडपाठ. भाच्याने जाहिरात दाखवली, फोनवर बोलणं झालं. माणसी ४,५०० रुपयांत हडपसरहून गाडी, नाश्ता, कयाक, रॉड आणि रील, लाइफ जॅकेट, 'सरकारी मासेमारी परवाना', सोबत गाइड आणि दुपारी माशाचं जेवण. शिवाय प्रत्येक कयाकमागे २,००० रुपये अनामत, संध्याकाळी परत. फोनवरचा माणूस अतिशय नम्र. "सर, पहाटे चारला गाडीतळावर उभे राहा, सहाला आपण पाण्यात." पाण्याचे फोटो पाठवले ते आरशासारखे. 'कयाक मोजक्याच आहेत' म्हणून सगळी रक्कम आधी मागितली आणि यूपीआयने घेतली. पैसे जमा झाले ते भलत्याच नावावर. विचारलं तर उत्तर आलं, "सर, ते आमचे अकाउंट बघणारे."

गाडी आली सात वाजून गेल्यावर. पंक्चर झालं होतं म्हणे. मग यवतला चहा, मग पाटसजवळ 'मागून दुसरी गाडी येतेय' म्हणून थांबणं. मेहुणा गाडीतच अस्वस्थ झाला. "दाजी, आता ऊन वर आलं की वारं सुटणार. आपण पोचेपर्यंत पाण्यात उतरायची वेळ निघून जाईल." तसंच झालं. काठावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. चिंचवडहून आणि कोथरूडहून आणलेली माणसं तिथे आधीच उभी होती. बोलता बोलता कळलं की त्यांनाही पहाटेची वेळ दिली होती आणि त्यांच्याही गाड्या उशिराच आल्या. एकाला पंक्चर सांगितलं होतं, दुसऱ्याला ड्रायव्हर आजारी. कयाक मात्र मोजून चार, आणि पैसे भरलेली माणसं त्याच्या कितीतरी पट.

हा उशीर मुद्दाम केलेला असतो, हे माझं ठाम मत आहे. पावसाळा सरला की सकाळी पाणी बऱ्याचदा शांत असतं. जमीन तापू लागली की वारा वाढतो, आणि उजनीच्या उघड्या पात्रावर त्याला अडवायला काहीच नसतं. जितक्या लांबून वारा पाण्यावरून येतो तितकी लाट मोठी होते. ताशी २० किलोमीटरच्या पुढे वारा गेला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागतो, आणि नवख्याने कयाक किनाऱ्यालाच ठेवावी अशी ती वेळ असते. आम्ही पोचलो तेव्हा सगळं पात्र तसंच फेसाळलं होतं.

मग पुढे झाला त्यांचा 'मॅनेजर'. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद. वारा हा निसर्गाचा भाग, त्यामुळे ग्राहकाने स्वतः रद्द केल्यास पैसे परत नाहीत. उतरायचं असेल तर 'स्वतःच्या जबाबदारीवर' म्हणून सही करा. त्याखाली बारीक अक्षरांत, साहित्याचं कोणतंही नुकसान अनामत रकमेतून कापलं जाईल. म्हणजे घाबरून मागे फिरलात तरी पैसे त्यांचे, आणि उतरलात तर अनामतही त्यांची. बरेच जण मागे फिरतात, त्यामुळे चार कयाकवर वाटेल तेवढ्या लोकांचे पैसे घेता येतात.

आम्हाला दिलेलं जॅकेट भाच्याने हातात घेतलं आणि म्हणाला, "बाबा, हे फारच हलकं लागतंय." बाजूची शिवण उसवली होती. आत बोट घातलं तर पिवळट स्पंज, गादीत असतो तसा. मेहुण्याने कोपरा पाण्यात बुडवून पिळला तर ओंजळभर पाणी गळलं. खऱ्या जॅकेटमधला फोम पाणी पीत नाही, आणि आतल्या पट्टीवर किती न्यूटनचं (म्हणजे पाण्यात माणसाला उचलून धरायचा जोर किती), किती वजनाच्या माणसासाठी हे छापलेलं असतं. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, १०० च्या पुढचं बाकीच्यांसाठी. इथे आत पट्टीच नव्हती, बाहेर फक्त मोठ्या अक्षरांत 'सेफ्टी'. हे बघून माझं डोकं फिरलं. पैशाची लबाडी एक वेळ समजू शकतो, पण स्पंज भरलेलं जॅकेट माणसाच्या अंगावर चढवणं याला दुसरा शब्दच नाही. याच जलाशयात २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथल्या काठावर धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

आम्ही उतरायचं नाकारलं. चिंचवडचा एक तरुण मात्र सही करून आत गेला. थोडं पुढे जाऊन त्याने नांगर टाकला. नांगराचा दोर कयाकच्या मधल्या कडीला बांधून दिलेला होता, आणि वाऱ्यात यासारखं धोक्याचं दुसरं काही नाही. दोर टोकाला असला की कयाक लाटेला तोंड देऊन उभी राहते. मधे बांधला की आडवी होते, लाट थेट कुशीवर आदळते आणि दोर तीच बाजू खाली ओढून धरतो. दोन लाटांतच कयाक कलली आणि तो पाण्यात गेला. जॅकेट गळ्याशी गोळा झालं. 'गाइड' काठावरून शिट्ट्या मारत होता. जाळी काढून परतणाऱ्या मच्छीमारांनी इंजिनची होडी वळवली आणि त्याला ओढून वर घेतलं.

त्याच होडीतले एक वयस्कर मामा नंतर आमच्याजवळ आले. आम्ही त्यांना परवान्याची पावती दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "पाव्हणं, ह्यो कागूद कुनी दिला? ठेका आमच्या संस्थेकडं हाय. आमी असली पावती कुनाला देत न्हाय." मग आम्ही तिघांच्या पावत्या शेजारी शेजारी धरल्या. तिन्हींवरचा जांभळा शिक्का त्याच कोनात तिरका, सहीच्या शेवटी शाईचा तोच ठिपका. शिक्का मारलेलाच नव्हता, प्रिंटरवर छापलेला होता. बऱ्याच जलाशयांतला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, आणि तो बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. कुणी परवाना दाखवला तर त्याच काठावरच्या संस्थेत जाऊन विचारा, दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं.

त्या पाण्यातून काढलेल्या मुलाची अनामत 'रॉड बुडाला' म्हणून कापली. आमची 'दोन दिवसांत खात्यावर येईल' म्हणाले. दोन दिवसांत नंबर बंद झाला आणि जाहिरात टाकणाऱ्या ऑनलाइन पानाचं नाव बदललं. आता तेच फोटो मुळशी आणि पवनेच्या नावाने फिरताहेत.

कुणाचे पैसे असे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. आम्ही पोलिसांत लेखी अर्ज दिला, त्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला आणि पावत्यांच्या प्रती जोडल्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही केली असली तरी तक्रारीचा हक्क जात नाही. चिंचवडच्या त्या तरुणाचं कुटुंब आणि आम्ही आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करतोय. त्या स्पंजच्या जॅकेटचे आणि मधे बांधलेल्या दोराचे फोटो भाच्याने काढून ठेवलेत. त्याच माणसांकडे पैसे भरलेल्या कुणालाही ते आम्ही देऊ, आणि यायचं असेल तर त्यांचंही नाव तक्रारीत घालू.