गावच्या सांडपाण्यासाठी तळी की यंत्र?

लहान गावाच्या सांडपाणी प्रकल्पासाठी बहुधा दोन पर्याय समोर येतात: स्थिरीकरण तळी किंवा सक्रिय गाळ पद्धत, म्हणजे टाकीत हवा फुंकून जिवाणूंनी भरलेल्या गाळाकडून घाण खाववणारी यंत्रणा.

तळ्यांचं काम संथ. साधारण एक ते दोन मीटर खोल तळ्यात जिवाणू घाण खातात, त्यांना लागणारा प्राणवायू शेवाळ उन्हाच्या जोरावर पुरवतं. वीज जवळजवळ लागत नाही. पाणी मात्र आठवडे मुक्काम करतं, म्हणून जागा भरपूर हवी. या लांब मुक्कामामुळेच जंतांची अंडी तळाशी बसतात, आणि ऊन रोगजंतूंना मारतं. शेतीला पाणी द्यायचं तर ही मोठीच जमेची बाजू. खोट म्हणाल तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ उतरतं आणि थंडीत सगळंच मंदावतं.

सक्रिय गाळ पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला पुढे आली. जागा थोडी पुरते, पाणीही अधिक स्वच्छ दिसतं. (दिसतं म्हणतोय, रोगजंतूंसाठी शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरण लागतातच.) हवा फुंकणारा ब्लोअर रात्रंदिवस चालवावा लागतो, आणि प्रकल्पाची निम्मी किंवा त्याहून जास्त वीज बऱ्याचदा तोच खातो. वीज बराच वेळ गेली की जिवाणू गुदमरतात, घडी पुन्हा बसायला दिवस जातात. शिवाय जादा गाळ नियमित काढणारा जाणता माणूस हवा. तळ्यांचा गाळ काही वर्षांनी काढला तरी चालतो.

जागा असेल तर मी तळीच निवडेन. जागा नसेल, तर आधी ऑपरेटर शोधा, मग ब्लोअर.