चार्टचा रेशो लॉक करून गॅन फॅन, पिचफोर्क वापरताना आलेला अनुभव

मी वापरतो त्या चार्टिंग ॲपमध्ये किंमत आणि बार (चार्टवरची एकेक कॅन्डल, म्हणजे रोजच्या चार्टवर एक दिवस) यांचं प्रमाण लॉक करायची सोय आहे, गेल्या दिवाळीपासून हळदीच्या वायद्याचा चार्ट मी त्याच्यावरच बघतोय. आमच्या सांगलीत हळदीच्या भावावर बोलणारे लई, पण गॅनच्या रेषा (एका बिंदूतनं ठराविक वेगानं निघणाऱ्या तिरक्या रेषा, त्यांचा पंखा म्हणजे गॅन फॅन) मारणारे बहुतेक जण ऑटो स्केलवर, म्हणजे ॲप चार्टची उंची आपोआप बदलतं त्या सेटिंगवर, नजरेनं ४५ अंश धरून मारतात आणि तिथंच सगळा घोळ होतो.

गॅन फॅनमधली १×१ ची रेष म्हणजे एका बारला भावाचं एक युनिट, बास. स्क्रीनवरचा कोन मोबाईल उभा धरला की वेगळा, लॅपटॉपवर वेगळा, चिमटीनं झूम केलं की आणखी वेगळा. मी दिवसाला १०० रुपये क्विंटल असं युनिट धरलंय, म्हणजे ७००० च्या तळापासून २० बारनंतर रेष ९००० वर यायला पाहिजे, दुप्पट वेगाची ११००० वर. विकली चार्टला तेच युनिट ५०० करावं लागतं कारण आठवड्याला सौद्याचे दिवस पाच, हे मात्र कोणी सांगत नाही.

सगळीच टूल्स स्केलनं बिघडतात असं पण नाही बरं का. पिचफोर्क (चार्टवरचे तीन बिंदू धरून काढायचं त्रिशूळासारखं टूल) मध्यबिंदू आणि समांतर रेषांवर उभा असतो, त्यामुळं चार्ट कितीही ताणला तरी तो त्याच भावांवरनं जातो. फिबोचे, म्हणजे फिबोनाची गुणोत्तरांनी काढलेले, आडवे लेव्हलपण तसेच. वर्तुळ आणि आर्कचं तसं नाही, स्क्रीनवर गोल ठेवायचा म्हटलं तर भाव हलतात आणि भाव धरून ठेवले तर गोलाचं अंडं होतं, म्हणून ती मी रेशो लॉक असल्याशिवाय वापरतच नाही.

खरा फरक लॉग स्केल (सारख्या टक्क्यांच्या चालीला सारखी उंची देणारी) लावल्यावर पडतो. २०२३ ला हळद सात हजारांच्या आसपासनं काही महिन्यांत पंधरा हजारांच्या वर गेली, एवढ्या चालीत ७००० आणि १५००० चा मध्य साध्या स्केलवर ११००० येतो, लॉगवर १०२४७ च्या आसपास. साडेसातशे रुपयांचा फरक, क्विंटलमागं! तिथं पिचफोर्कपण सरकतो, ट्रेंडलाइन तुटल्याची तारीखसुद्धा बदलते. मोठ्या चालीला मला लॉगच पटतो, कारण ५०० रुपये ७००० वर सात टक्के असतात आणि १५००० वर साडेतीनपण नाहीत.

लॉकचा त्रास एकच, मागचा चार्ट बघायला सरकवलं की कॅन्डल स्क्रीनच्या बाहेर जातात आणि हातानं वर-खाली ओढत बसावं लागतं. नुसत्या आडव्या सपोर्ट-रेझिस्टन्सवर (भाव जिथं टेकतो किंवा अडतो त्या पातळ्यांवर) काम करत असाल तर याच्या नादाला लागायची गरज नाही, पण गॅन फॅन लावणार असाल तर आधी युनिट ठरवा आणि मगच रेष मारा.