८×४२ दुर्बीण: आठ महिने आणि चोडण-दिवाडीच्या सहा फेऱ्या

नोव्हेंबरात गोव्यातल्या मांडवी नदीतल्या चोडण-दिवाडी बेटांवर दोन दिवस जायचं ठरलं म्हणून ही दुर्बीण घेतली. सावंतवाडीकरांना गोवा म्हणजे परसदार, तिथे जायला एवढा खर्च कशाला, असं बायको म्हणाली होती. आता गाडीत बसताच दुर्बीण तिच्याच गळ्यात असते.

दुकानदार १०×५० गळ्यात मारायला बघत होता. बरं झालं घेतली नाही. रायबंदरच्या फेरीबोटीत शेजारच्याची दहापटीची लावून पाहिली, तर इंजिनाच्या थरथरीने समोरची घारच नाचायला लागली. आठपटीतही हलतं, पण चोच कुठे नि पाय कुठे ते कळतं. शिवाय पुढच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर, त्याला आठ पटीने भागलं की डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा. पहाटे खारफुटीखाली अंधारच असतो, तिथे हा हिशेब कामी येतो.

चोडणच्या पश्चिम टोकाचं सलीम अली अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. भरतीला होडी आत जाते, लोक तेच गाठतात. मला ओहोटी आवडते. चिखल उघडा पडला की निवटे, म्हणजे चिखलात सरपटणारे मासे, बाहेर येतात. दुर्बीण दोन मीटरवर फोकस होते, त्यामुळे पायवाटेवर उभं राहून एक निवटा अगदी समोर असल्यासारखा दिसला. एकेक डोळा खोबणीत ओढून ओला करायचा, पुन्हा वर काढायचा, मग पाठीवरचा पर ताठ करून शेजाऱ्यावर धावून जायचं. अर्धा तास त्यातच गेला, खंड्या राहिलाच.

दिवाडीला मात्र पक्षी सोडून दगडच बघितले. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं इथलं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपार, डिचोलीतल्या नार्वेला गेला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. पिएदादच्या टेकडीवरून मांडवीपलीकडे जुनं गोवं दिसतं. से कॅथेड्रलचा एकच मनोरा नुसत्या डोळ्यांना कळत नाही, दुर्बिणीतून लगेच कळतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला.

आता तक्रारी. डोळ्यापाशी फिरवून वर घ्यायचं रबरी कडं पाचव्या महिन्यात सैल झालं. सेवा केंद्राने तीन आठवडे ठेवून तसंच परत पाठवलं. शेवटी सायकलच्या ट्यूबचा काप चढवला, घट्ट बसलाय. चष्मेवाल्यांनी कडं खालीच ठेवायचं, नाहीतर दृश्य भोकातून बघितल्यासारखं होतं. सोबतचा पट्टा मान कापतो, तो पहिल्या दिवशीच बदला.

जूनच्या पावसात भिजली, आत पाणी गेलं नाही. पण एसी गाडीतून उतरलं की काच बाहेरून दहा मिनिटं धुरकट होते. खसाखसा पुसू नका, थांबा. आमच्याकडची दमट हवा बुरशीचं माहेरघरच, म्हणून घरी ती सिलिका जेलसकट स्टीलच्या डब्यात असते.

पुढची फेरी ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, दिवाडीच्या बोंदेराम उत्सवाला. त्या गर्दीत ती डब्यातच राहील.