इंजिन माउंट : साधा रबरी की हायड्रॉलिक?

माउंट बदलायची वेळ आली की हा प्रश्न पडतोच. दोघांचं काम एकच: इंजिनाचं वजन पेलायचं आणि त्याची थरथर चॅसीपर्यंत पोहोचू द्यायची नाही.

साध्या माउंटमध्ये धातूच्या दोन भागांमध्ये रबर घट्ट बसवलेलं असतं. स्वस्त आणि सोपं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ते कडक होतं, भेगा पडतात, पण बहुधा हळूहळू, इशारा देत.

हायड्रॉलिकमध्ये रबराच्या आत द्रवाचे दोन कप्पे असतात. इंजिन हललं की द्रव अरुंद वाटेनं एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलला जातो आणि हेलकावा तिथेच जिरतो. सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंग शांत राहतं ते यामुळेच, आणि हा फरक हाताला खरोखर जाणवतो. मात्र किंमत जास्त, आणि गळती लागली की माउंट बदलण्यावाचून इलाज नाही. ब्रॅकेटवर काळपट ओघळ दिसला तर गळती लागली असं समजा.

मेहनत दोन्हीला सारखीच, इंजिनाला आधार द्यावाच लागतो.

कंपनीनं हायड्रॉलिक दिलं असेल तर तेच घाला. पैसे वाचवायला रबरी बसवलं तर थरथर रोज सोसावी लागेल. मुळात रबरीच असेल, तर चांगल्या प्रतीचं रबरी पुरेसं आहे.