रिजेक्शनचा हिशोब रुपयांत: फाउंड्रीसाठी घेतलेल्या एका सल्लासेवेचे परीक्षण

फाउंड्रीतील (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातील) रिजेक्शन, म्हणजे नाकारला जाणारा खराब माल, कमी करून देऊ, असे सांगणाऱ्या सल्लासंस्था कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत हल्ली बऱ्याच फिरतात. त्यांपैकी एका संस्थेची सेवा आमच्या बिडाच्या फाउंड्रीने घेतली. तिच्या उणिवांविषयीही लिहायचे असल्याने नाव देत नाही. दिलेले पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो. मात्र संस्थेने ज्या भागाची सर्वाधिक जाहिरात केली होती, त्या भागामुळे ते झाले नाहीत.

खरे मोल होते ते हिशोबाचे. खराब कास्टिंग (ओतीव भाग) पुन्हा भट्टीत जाते, म्हणून नुकसान फारसे नाही, अशी समजूत आपल्या धंद्यात खोलवर रुजलेली आहे. धातू परत मिळतो हे खरे, पण इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते आणि तिचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात. कोअरची (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याची) वाळू, रेझिन, मोल्डिंगची म्हणजे साचे बनवण्याची मजुरी, फेटलिंग (जादा कडा काढणे) आणि शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्याने सफाई) यांतले काहीच परत येत नाही. त्यातही कातडीखाली दडलेले ब्लो होल (वायू अडकून झालेली पोकळी) ग्राहकाकडे मशिनिंग झाल्यावरच दिसते, आणि मग मशिनिंगचा खर्च, दोन्ही बाजूंचे भाडे व बदली मालाची घाई असे सगळे डेबिट नोटमधून (ग्राहकाने पाठवलेल्या वजावटीच्या चिठ्ठीतून) आपल्याच खात्यावर चढते. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांनी 1950 च्या दशकात मांडलेली प्रतिबंध, तपासणी, अंतर्गत अपयश आणि बाह्य अपयश ही चार खाती संस्थेने आमच्या जमाखर्चात प्रत्यक्ष उघडून दाखवली. त्यासाठी निराळे सॉफ्टवेअर लागले नाही. वीजबिल, डेबिट नोटा आणि ओव्हरटाइमचे रजिस्टर एवढ्यावर काम भागले.

या मांडणीने दोषांचा क्रमच बदलला. किलोच्या हिशोबात मोठ्या कास्टिंगमधला वाळूचा दोष पहिल्या क्रमांकावर होता. रुपयांत मोजल्यावर पंपाच्या लहान बॉडीतील ब्लो होल वर आले, कारण ते मशिनिंगनंतर सापडत होते. आमची सगळी धडपड तोवर चुकीच्या जागी चालली होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण ती स्वस्त दोषामागे चालली होती हे खरे.

ब्लो होलच्या कारणाचा शोध संस्थेच्या अभियंत्याने चांगला घेतला. वाळूची ओल, पारगम्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) आणि दाबबल (दाब सोसण्याची ताकद) यांची चाचणी सकाळी एकदा होत असे आणि तेच आकडे दिवसभर ग्राह्य धरले जात. दुपारनंतर साच्यांतून परतणारी वाळू गरम असते. तिचे पाणी वाफेने उडते, म्हणून मिक्सरवरचा कामगार अंदाजाने पाणी वाढवतो, आणि तीच वाफ थंड कोअरवर व साच्यावर जमते. चाचणीच्या वेळा बदलणे, परतीची वाळू थंड होण्यास अवधी देणे आणि कोअरमधील वायूच्या वाटा मोकळ्या असल्याची खात्री करणे, हे उपाय नवे नाहीत. पण ते कोणत्या पाळीत सुटतात हे तक्त्यावर दिसू लागल्याने टिकले. कोअर उलटा बसू नये म्हणून कोअर प्रिंटच्या (कोअर साच्यात जिथे टेकतो त्या जागेच्या) एका बाजूचा आकार बदलण्याची सूचना तर आमच्या पॅटर्नवाल्याला (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला) इतकी पटली की त्याने ती इतर पॅटर्नवरही वापरली. दोन तपासनीस एकाच कास्टिंगविषयी वेगवेगळा निर्णय देतात, हेही याच काळात उघड झाले आणि घ्यायचे की नाकारायचे याच्या मर्यादेवरचे नमुने टेबलावर ठेवण्यात आले.

आता उणिवा. प्रशिक्षणाच्या स्लाइड इंग्रजीत होत्या आणि उदाहरणे बँकेची व कॉल सेंटरची होती, त्यामुळे पाळीचे सुपरवायझर शांतपणे बसून राहिले. सिक्स सिग्मा या दोष कमी करण्याच्या पद्धतीची दहा लाखांत 3.4 दोषांची पातळी हाताने मोल्डिंग करणाऱ्या फाउंड्रीसमोर लक्ष्य म्हणून ठेवणे मला शोभेचे वाटले. त्यापेक्षा त्यांनीच फळ्यावर मांडलेला एक साधा गुणाकार अधिक परिणामकारक होता: चार टप्प्यांवर प्रत्येकी 95 टक्के माल पहिल्याच वेळी बरोबर निघाला, तरी चारही टप्पे निर्दोष पार करणारा माल 81 टक्क्यांच्या आसपासच उरतो. सिक्स सिग्माच्या प्रशिक्षणात मिळणाऱ्या रंगीत बेल्टच्या प्रमाणपत्रांचा खर्च मात्र सहज टाळता आला असता.

अंतिम अहवालातील बचतीचा आकडाही तपासूनच घ्यावा. मोकळ्या झालेल्या मशीन-तासांना त्यांनी विक्रीचा दर लावला होता. हातात ऑर्डर नसेल तर त्या तासांतून रोकड निर्माण होत नाही. शुल्क बचतीच्या टक्केवारीवर ठरले असेल, तर हा मुद्दा करारातच निकालात काढणे बरे.

ज्यांच्याकडे रोजच्या रिजेक्शनची दोषनिहाय नोंदच नाही, त्यांनी आधी ती सुरू करावी आणि मगच सल्लागाराला बोलवावे, अन्यथा सुरुवातीचा काळ नोंदी जमवण्यातच जातो. मार्च 2023 मध्ये नव्या रूपात सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) लीन, म्हणजे अपव्यय कमी करण्याच्या, योजनेत सल्ल्याच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलते, त्यामुळे उद्यम नोंदणी असलेल्या उद्योगांनी खाजगी करार करण्यापूर्वी ती पाहावी. खाजगी सेवाच घ्यायची असेल, तर शुल्काचा शेवटचा हप्ता अहवाल मिळाल्यावर देऊ नये. पावसाळ्यात, म्हणजे वाळूची ओल सर्वाधिक त्रास देते तेव्हा, डेबिट नोटांची रक्कम कमीच राहिली तर तो द्यावा, अशी अट घालावी.