चुलीच्या कार्बन क्रेडिटसाठी गोल्ड स्टँडर्डची मीटरवाली पद्धत: हिशेब चोख, पण पैसा उशिरा

वीज, गॅस, इथेनॉल किंवा बायोगॅसवर चालणाऱ्या चुली घरोघरी देऊन त्यावर कार्बन क्रेडिट मिळवायचे असतील, तर आजच्या घडीला गोल्ड स्टँडर्डची मोजमापावर आधारलेली कार्यपद्धती घ्यावी. २०२१ मध्ये आलेल्या या पद्धतीला पुढे सोयीसाठी ‘मीटरवाली’ म्हणू. हिशेबाच्या बाजूने ती बाजारातल्या चांगल्या पद्धतींपैकी आहे. पैशाच्या वेळापत्रकाच्या बाजूने मात्र ती नव्या, छोट्या संस्थेचा घाम काढते. सुधारित लाकडी चुली वाटणाऱ्यांनी इथे येऊच नये. लाकडाला मीटर बसत नाही.

आधी या सेवेत काय मिळते ते स्पष्ट करू, कारण गैरसमज इथूनच सुरू होतात. २००३ मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर आणि इतर संस्थांनी उभे केलेले गोल्ड स्टँडर्ड हे मानक आहे. ते नियम लिहिते, कागद तपासते आणि आपल्या नोंदवहीत क्रेडिट जमा करते. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा तेवढ्याच तापमानवाढीचा दुसरा वायू. प्रत्यक्ष जागेवर येऊन तपासणारी पडताळणी संस्था वेगळी असते आणि तिचे बिलही वेगळे येते. क्रेडिट विकत घेणारा तुम्हीच शोधायचा. चुलीसाठी भांडवलही तुम्हीच आणायचे. मानकाचे शिक्कामोर्तब म्हणजे निधी मिळाला, अशा समजुतीत बरेच प्रकल्प बसलेले असतात.

मीटरवाली पद्धत का हवी, ते जुन्या पद्धतीचे गणित मांडले की कळते. लाकडी चुलीचा हिशेब असा असतो: वाचलेले सरपण, गुणिले लाकडाची उष्णता (टनाला ०.०१५६ टेराज्यूल), गुणिले उत्सर्जनाचा गुणांक. कार्बन डायऑक्साइडचा गुणांक टेराज्यूलला ११२ टन. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मिळून साधारण ९.५ टन. यातला कार्बन डायऑक्साइडचा आकडा आणखी एका अपूर्णांकाने गुणावा लागतो. तोडलेल्या सरपणातले किती परत उगवत नाही, तो हा वाटा. सगळा खेळ या अपूर्णांकात आहे.

उदाहरणादाखल १०,००० चुली घ्या. प्रत्येक चूल वर्षाला २ टन सरपण वाचवते आणि ९० टक्के चुली वापरात आहेत असे धरा. परत न उगवणाऱ्या लाकडाचा वाटा ०.९ लिहिला तर वर्षाला साधारण ३१,००० टन येतात. तोच वाटा ०.३ धरला की १२,१०० टन. आता वापर ६० टक्क्यांवर आला असे माना, उरतात ८,१०० टन. चुली त्याच, घरे तीच, पण क्रेडिट जवळपास पावणेचार पट कमी. ०.९ हा काही कल्पनेतला आकडा नाही. अनेक प्रकल्पांनी त्याच्या आसपासचे आकडे वर्षानुवर्षे वापरले. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेने, म्हणजे सीडीएमने, नंतर ज्यांच्याकडे स्थानिक अभ्यास नाही त्यांच्यासाठी सरसकट ०.३ हा आकडा ठेवला.

वापराचा आकडाही तितकाच घसरडा. घरात नवी चूल आली म्हणून जुनी विझत नाही. भाकरी जुनीवर, चहा नवीवर, असे दोन्ही चालू राहते. सर्वेक्षणाला माणूस दारात आला की मात्र नवी चूल पुढे येते. स्वयंपाकघरातली जळणाची चाचणी नियमाप्रमाणे किमान तीन दिवस सलग करायची असते, रोज लाकूड तोलून. त्या तीन दिवसांत घरची मंडळी नेहमीपेक्षा काटकसरीने वागतात, आणि तोच आकडा ३६५ दिवसांना लागू होतो. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये आलेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कलीच्या संशोधकांच्या अभ्यासात त्यांनी तपासलेल्या चूल-प्रकल्पांचे क्रेडिट ९.२ पट फुगलेले निघाले. त्याच अभ्यासात मीटरवाल्या पद्धतीचा फुगवटा १.५ पट होता. म्हणजे तीही निर्दोष नाही, पण दोन्हींतला फरक लपत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एका मोठ्या चूल-कंपनीच्या माजी प्रमुखावर सर्वेक्षणाचे आकडे फिरवल्याचा फौजदारी आरोप ठेवला गेला. तेव्हापासून खरेदीदार आधी ‘मोजमाप कसे करता’ हे विचारतात आणि मगच भावाचे बोलतात.

मीटरवाल्या पद्धतीत प्रश्न उलटा मांडला जातो. किती लाकूड वाचले ते विचारायचे नाही. नव्या चुलीत किती ऊर्जा गेली ते मोजायचे आणि तेवढाच स्वयंपाक जुन्या चुलीवर करायला किती जळण लागले असते ते काढायचे. विजेच्या चुलीत युनिट मोजली जातात, इथेनॉलमध्ये लिटर, गॅसमध्ये भरलेल्या सिलिंडरचे वजन. चूल बंद पडली तर आकडा शून्य, म्हणून वापराचा वेगळा अंदाज बांधावा लागत नाही. पद्धतीची खरी ताकद इथेच आहे. जुन्या चुलीच्या आधारस्थितीचा, म्हणजे प्रकल्प नसता तर काय जळले असते याचा, भाग मात्र सर्वेक्षणावरच उभा राहतो आणि परत न उगवणाऱ्या लाकडाचा अपूर्णांक इथेही लागतो. मीटर लावला म्हणून तो आकडा आपोआप खरा होत नाही. उरलेला फुगवटा मुख्यतः इथून येतो.

विजेच्या चुलीचा निर्णय घेण्याआधी त्या देशाच्या वीजजाळ्याचा गुणांक, म्हणजे एवढ्या विजेमागे किती टन उत्सर्जन होते तो आकडा, पाहा. इंडक्शन चूल रोज १ युनिट खात असेल तर वर्षाला ३६५ युनिट. वहनातील गळती १५ टक्के धरली तर वीजकेंद्रात ४२९ युनिट तयार करावी लागतात. जाळे कोळशावरचे आणि गुणांक मेगावॉट-तासाला ०.७ टन असेल तर चुलीमागे ०.३ टन उत्सर्जन वजा होते. वरच्या ०.३ च्या हिशेबाने वापरातल्या चुलीमागे १.३ टनांच्या आसपास बचत येत असेल तर जवळपास पाव भाग इथेच गेला. जलविद्युतीच्या देशात ही वजावट नगण्य राहते. हे गणित दहा मिनिटांचे आहे, तरी ते न करता चुलीची ऑर्डर देणारे कमी नाहीत.

मीटरची यंत्रणा घेताना चुलीपेक्षा सिमकार्डाची काळजी जास्त करावी. आकडे मोबाइल जाळ्यावरून येतात, आणि जिथे चुलींची गरज सगळ्यांत मोठी तिथेच जाळे सगळ्यांत विरळ. म्हणून जाळे नसताना आकडे साठवणारा आणि जाळे मिळाले की पाठवणारा मीटर घ्या. पाठवताना वेळेची नोंद टिकते ना, हे आधी एका खेपेवर तपासा. हिशेबात सगळ्यांत जास्त सापडणारे दोष तीन: एकाच घराची दोनदा नोंद, चूल बदलून दिली तरी जुना अनुक्रमांक चालू राहणे, आणि आकड्यांत मधले काही आठवडे गायब. तिसऱ्या दोषावर सरासरी लावून भरपाई करता येईल असे वाटते, पण पडताळणी करणारा ते मानेलच असे नाही. रिकाम्या आठवड्यांचे क्रेडिट शून्य, असे धरूनच आराखडा करावा. नमुन्यावर काढलेल्या आकड्यांना साधारणपणे ९० टक्के विश्वासपातळीवर १० टक्के अचूकता लागते, म्हणजे खरा आकडा दहा टक्क्यांच्या आतबाहेर असल्याची नव्वद टक्के खात्री. ती साधली नाही तर सरासरीऐवजी खालची मर्यादा धरली जाते आणि थेट क्रेडिट घटते. चार घरे वाचवायला गेलात तर चारशे क्रेडिट गमवाल.

नोंदणीच्या वाटेत पहिला खड्डा तारखेचा. प्रकल्प सुरू झाल्यापासून, म्हणजे पहिला मोठा खर्च किंवा करार झाल्यापासून, एका वर्षाच्या आत प्राथमिक तपासणीचे कागद पोचले पाहिजेत. ‘आधी चुली वाटू, कागद नंतर बघू’ म्हणणारे इथे अडकतात. त्या कागदांत लोकांच्या बैठकीचा अहवालही लागतो, म्हणून ही प्रत्यक्ष बैठक त्याआधीच व्हायला हवी. ती खुल्या जागेत, त्यांच्या भाषेत घ्यायची आणि आलेल्या हरकतींची नोंद ठेवायची. पुढे किमान दोन महिने अभिप्रायासाठी खुले ठेवायचे. मग पडताळणी संस्थेचे वैधीकरण, म्हणजे आराखडा नियमांत बसतो का याची तपासणी, आणि मानकाची छाननी. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी किमान तीन दाखवावी लागतात आणि त्यांत हवामानाचे १३वे सक्तीचे. पाच वर्षांनी आराखड्याचे नूतनीकरण. वर्षाला १०,००० टनांच्या आतल्या प्रकल्पासाठी सूक्ष्म प्रकल्पांचा मार्ग आहे. त्यात तपासणी आणि शुल्क दोन्ही हलके पडतात. वरच्या उदाहरणातले ८,१०० टन तिथे बसतात, ३१,००० बसत नाहीत. आकडा प्रामाणिक ठेवला तर हा फायदा पदरात पडतो.

आता पैसा. क्रेडिट मिळते ते घडून गेलेल्या कपातीवर. आधी चुली, मग वर्षभराचे मोजमाप, मग पडताळणी, मग छाननी, मग जमा. पहिला रुपया किंवा डॉलर हातात येईपर्यंत दोन वर्षे सहज जातात. खरेदीदाराशी उत्सर्जन-कपात खरेदीचा करार करताना दोन प्रकार समोर येतात. पहिल्यात माल हातात आल्यावरच पैसे, भाव चांगला. दुसऱ्यात काही रक्कम आगाऊ, भाव कमी. छोट्या संस्थेला दुसरा घ्यावासा वाटतो, पण त्यात क्रेडिट कमी पडले तर भरपाई कोणी द्यायची हे कलम असते. तिथे ‘बाजारभावाने भरपाई’ असे लिहिले असेल तर सही करू नका. बाजार वर गेला की नुकसानही त्याच्यासोबत वाढते. ‘मिळतील तेवढीच क्रेडिट देऊ, कमी पडली तर पुढच्या वर्षी’ एवढ्यावर खरेदीदार राजी होत असेल तर भाव थोडा खाली आला तरी चालेल.

स्वेच्छेच्या बाजारात, म्हणजे सक्ती नसताना क्रेडिट घेणाऱ्या कंपन्यांना, विकायचे की पॅरिस कराराच्या कलम ६ खाली, हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. कलम ६ चा माल म्हणजे यजमान देशाने, म्हणजे जिथे प्रकल्प आहे त्या देशाने, दुसऱ्या देशाला किंवा विमान कंपन्यांच्या कोर्सिया योजनेला विकण्याची परवानगी दिलेले क्रेडिट. यजमान देश ते आपल्या हिशेबातून वजा करतो, म्हणून एक टन दोघांच्या नावावर लागत नाही. त्याला भावही चांगला मिळतो. पण परवानगी देणारे कार्यालय, शुल्क आणि नियम देशागणिक वेगळे, आणि तेही बदलते. २०२३ च्या मे महिन्यात झिम्बाब्वेने क्रेडिटच्या उत्पन्नातला निम्मा वाटा सरकारचा असे जाहीर केले, तेव्हा चालू प्रकल्पांचे गणित एका रात्रीत बदलले. स्वित्झर्लंडने बँकॉकच्या विजेवरच्या बसगाड्यांमधून थायलंडकडून घेतलेली १,९१६ टनांची कपात ही या कलमाखालची पहिली देवघेव. तीही कराराला आठ वर्षे झाल्यावर, २०२३ च्या अखेरीस. वाट किती संथ आहे ते यावरून कळावे.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या नव्या यंत्रणेचे, म्हणजे कलम ६.४ चे, आकर्षण खरे आहे. पण तिथे जमा होणाऱ्या क्रेडिटपैकी ५ टक्के अनुकूलन निधीला, म्हणजे हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठीच्या निधीला, जातात आणि आणखी किमान २ टक्के रद्द होतात. शंभरातले ९३ हाती. कार्यपद्धतींची यादी तिथे अजून बाळसे धरते आहे. आज चूल हाच प्रकल्प असलेल्याने गोल्ड स्टँडर्डमध्ये नोंदणी करावी आणि यजमान देशाचे परवानगीपत्र मिळाले तर तेच क्रेडिट कलम ६ खाली न्यावे. ही जोड चालते.

भावाबद्दल कोणी खात्री देत असेल तर सीडीएमकडे बोट दाखवा. २००८ मध्ये टनाला २० युरोंच्या वर असलेला भाव २०१२ संपेपर्यंत १ युरोच्या खाली आला. युरोपने आपल्या बाजारात त्या क्रेडिटला दारे आवळली आणि मागणी आटली. एचएफसी-२३ हा प्रचंड तापमानवाढ करणारा औद्योगिक वायू जाळणाऱ्या मोजक्या कारखान्यांनी तोवर ढीगभर क्रेडिट काढून ठेवले होते, तर चुलीसारखे विखुरलेले प्रकल्प पडताळणीच्या रांगेत होते. अटींसह का होईना, क्रेडिटचा दर्जा ठरवणाऱ्या, स्वेच्छा बाजाराच्या सचोटी परिषदेने २०२५ मध्ये मीटरवाल्या पद्धतीला आपला शिक्का दिला. जुन्या अपारंपरिक वीज प्रकल्पांच्या पद्धतींना तो २०२४ मध्येच नाकारला होता. आज खरेदीदार जे वेगळे भाव देतात त्याचे एक मोठे कारण हा शिक्का.

शेवटचा कागद छोटा असतो आणि त्यावरच सगळे अडते. चूल देतानाच घरच्या व्यक्तीकडून क्रेडिटचा हक्क प्रकल्पाकडे देत असल्याची सही घ्यायची, तिच्या भाषेत. त्या बदल्यात तिला काय मिळते तेही लिहायचे: चुलीत सवलत किती, दुरुस्ती किती वर्षे, मीटरची मालकी कोणाची. सही वाटपानंतर सहा महिन्यांनी गोळा करायला गेलात तर काही घरे बंद सापडतील, काही चुली विकलेल्या. ज्या घराची सही नाही ते घर मोजणीतून बाहेर, मीटर चालू असला तरी.